संगीत सभेचे पत्रक आणि रागाची वेळ

महिन्याच्या प्रारंभी सभागृहाच्या फलकावर येत्या संगीत सभांचे जे पत्रक लागते, ते बहुधा उभ्याउभ्याच वाचले जाते. गायकाचे वा वादकाचे नाव, साथीदारांची नावे, वार, तारीख, स्थळ आणि वेळ एवढा तपशील नजरेखालून घालून वाचक पुढे जातो. या तपशिलात एक गोष्ट जवळजवळ कधीच नसते. ती म्हणजे रागाचे नाव. ज्या कलेत रागावाचून पहिला स्वरही लागत नाही, त्या कलेच्या पूर्वसूचनेत रागाचाच उल्लेख नसावा, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटते. सरावामुळे या चमत्कारिकतेकडे कोणाचे लक्ष जात नाही, इतकेच.

प्रस्तुत लेखात या अनुल्लेखाचा विचार भाषेच्या अंगाने केला आहे. पत्रक रागाचे नाव सांगत नसले, तरी रागांची निवड ते बऱ्याच अंशी आधीच करून ठेवते. आणि ही निवड पत्रकातील ज्या पदाने होते, ते पद म्हणजे वेळ, असे येथील प्रतिपादन आहे. महिन्याच्या सर्व सभांची वेळ एकच ठेवली, तर त्या महिन्यापुरता रागव्यवस्थेचा निम्म्याहून अधिक भाग श्रोत्याच्या कानावर पडण्याची शक्यता मावळते. हा परिणाम कोणी हेतुपुरस्सर घडवून आणीत नाही. म्हणूनच तो समजून घेण्याची आवश्यकता अधिक आहे.

१. पत्रकाची घडण

या विवेचनाला रत्नागिरीचे उदाहरण सोयीचे आहे. मोठ्या शहरांप्रमाणे येथे एकाच संध्याकाळी चार ठिकाणी गाणे नसते. त्यामुळे ज्याला शास्त्रीय संगीत प्रत्यक्ष ऐकायचे आहे, त्याचे ऐकणे मुख्यतः काही ठराविक सभांवर अवलंबून असते. ‘खल्वायन’ ही संस्था महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मासिक संगीत सभा भरवीत आली आहे. ‘आर्ट सर्कल’ या संस्थेने थिबा राजवाड्याच्या प्रांगणात जानेवारी महिन्यात संगीत महोत्सवाची प्रथा पाडली आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० मध्ये बांधलेल्या या वास्तूसमोर उघड्या आकाशाखाली होणारे गायन आणि भिंतींच्या आत होणारी मासिक सभा, असे दोन्ही प्रकार या एका गावात सापडतात. त्यांतील भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

अशा सभांच्या पत्रकांची भाषा सर्व महाराष्ट्रात एका साच्याची असते. अमुक यांचे ‘गायन’ होईल, अमुक ‘तबलासाथ’ करतील, अमुक ‘संवादिनीसाथ’ करतील, ‘रसिकांनी अगत्य उपस्थित राहावे’, ‘कार्यक्रम ठीक वेळेवर सुरू होईल’, ही वाक्ये इतकी स्थिर आहेत की त्यांतील विशेषनामे तेवढी बदलली म्हणजे नवे पत्रक तयार होते. या साच्यात संस्कृत शब्दांचे प्राबल्य आहे. ज्या वाद्याला गायक, वादक आणि श्रोते सर्व जण बोलताना ‘पेटी’ म्हणतात, ते पत्रकात ‘संवादिनी’ होते. मागील पिढ्यांत ज्या गायकाला ‘बुवा’ म्हणत, तो पत्रकात ‘पंडित’ होतो. आणि केसरबाई, मोगूबाई, हिराबाई या नावांत जे ‘बाई’ हे पद आदरानेच वावरत होते, त्याची जागा आता नावाआधी येणाऱ्या ‘विदुषी’ने घेतली आहे. पत्रकाची भाषा ही अशी बोलण्याच्या भाषेपेक्षा एक पायरी वर उभी असते.

स्वतः ‘कार्यक्रम’ हा शब्दही असाच घडविलेला आहे. ‘प्रोग्रॅम’ या शब्दाला पर्याय म्हणून तो रूढ झाला. कार्यांचा क्रम, म्हणजे आधी काय व नंतर काय याची मांडणी, असा त्याचा अवयवार्थ. परंतु संगीत सभेच्या पत्रकात नेमका हा क्रमच नसतो. नावाने क्रमाचे आश्वासन द्यावे आणि आत क्रम नसावा, ही विसंगती कशी निर्माण झाली, हे पाहण्यासाठी सभेला दिल्या गेलेल्या नावांकडे वळले पाहिजे.

२. वाचणे आणि बसणे

पाश्चात्त्य विद्यापीठांच्या सभागृहांतून एकल वादनाच्या वा गायनाच्या कार्यक्रमाला ‘रिसायटल’ म्हणतात. वाद्यवादनासाठी हा शब्द रूढ होण्याचे श्रेय फ्रान्झ लिस्ट या पियानोवादकाच्या १८४० मधील लंडन येथील कार्यक्रमाला दिले जाते. त्या वर्षी ९ जूनला हॅनोव्हर स्क्वेअर रूम्स या सभागृहात झालेल्या त्याच्या वादनाच्या जाहिरातीत हा शब्द अनेकवचनी योजला होता. पियानोवर ‘पठण’ कसे करणार, असा विस्मय तेव्हाच्या लोकांना वाटला, तो अकारण नव्हता. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ मोठ्याने वाचून दाखवणे असा आहे. वाचून दाखवण्यासाठी आधी लिहिलेले काही असावे लागते. पाश्चात्त्य परंपरेत तसे ते असते. रचना रचनाकाराने लिहून ठेवलेली असते, तिला नाव व क्रमांक असतो, आणि वादक ती उपस्थितांपुढे ‘वाचतो’. म्हणून तेथील पत्रकात रचनांची यादी क्रमाने देता येते. किंबहुना ती दिली नाही तर पत्रक अपुरे मानले जाते.

मराठीत यासाठी जे शब्द आहेत, त्यांची जात वेगळी आहे. ‘बैठक’ हा शब्द ‘उपविष्ट’ या संस्कृत रूपापासून प्राकृताच्या द्वारा आलेल्या ‘बैठ-’ या धातूचा, अर्थ, बसणे. ‘जलसा’ हा अरबीतून फारसीच्या द्वारा आलेला. त्याचे मूळ ज-ल-स या तीन व्यंजनांत असून अर्थ पुन्हा बसणे हाच आहे. ‘मजलिस’ हे त्याच मुळाचे दुसरे रूप. ‘मैफल’ हा शब्दही अरबीच. त्याच्या मुळाचा अर्थ एकत्र जमणे. मूळच्या ‘महफिल’ या रूपातील हकार लोपून मराठीत ‘मै-’ झाले, जसे ‘पहलवान’चे ‘पैलवान’ झाले. ‘सभा’ हा शब्द तर संस्कृतात लोकसमुदाय आणि तो जेथे जमतो ते स्थान, या दोन्ही अर्थांनी प्राचीन काळापासून आहे.

हे चारही शब्द पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेले. सत्यशोधक आणि आंबेडकरी चळवळींत ‘जलसा’ या शब्दाला लोकप्रबोधनाच्या गायननाट्याचा अर्थ आला आणि शास्त्रीय गायनाच्या संदर्भात तो मागे पडला. ‘बैठक’ हा शब्द ‘बैठकीची लावणी’ या प्रयोगात बसून केलेल्या गायनाचा वाचक झाला. ‘सभा’ हा आज महोत्सवातील एकेका सत्राचा आणि मासिक कार्यक्रमाचा औपचारिक शब्द आहे. परंतु अर्थाच्या मुळाशी पाहता चारही शब्द एकच गोष्ट सांगतात : लोक जमले आहेत आणि बसले आहेत. काय गायले जाणार, याविषयी ते मौन पाळतात. सभा यशस्वी झाली हे सांगतानाही मराठी भाषक ‘मैफल जमली’ असेच म्हणतो, आणि ‘जमणे’ हे क्रियापदही ‘जमा’ या अरबी शब्दाच्याच गोत्रातले आहे. रचनेचे वाचन चांगले झाले, असा भाव या वाक्यात नाही. जमलेल्यांचे जमणे पूर्णत्वाला गेले, असा भाव आहे.

यावरून पत्रकातील अनुल्लेखाचा उलगडा होतो. हिंदुस्थानी संगीतात बंदिश, म्हणजे गवयांच्या बोलीत ‘चीज’, ही आधारभूत असली तरी बहुतांश गायन त्याच क्षणी घडत असते. गायक कोणता राग घेणार हे तो कित्येकदा तंबोरे जुळत असताना, समोरचे श्रोते, स्वतःचा लागलेला गळा आणि आपल्या आधी कोणी काय गायले, हे पाहून ठरवतो. राग आधी छापणे म्हणजे ही निवड काढून घेणे होय. म्हणून पत्रकातील मौन हे निष्काळजीपणाचे द्योतक नसून या कलेच्या स्वरूपाशी सुसंगत आहे.

३. वेळेचे व्याकरण

तथापि निवड सभेच्या क्षणी होते, याचा अर्थ ती निर्बंध असते असा नाही. हिंदुस्थानी पद्धतीत रागांना वेळ नेमून दिलेली आहे. या नियमांची व्यवस्थित मांडणी पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी केली. त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ १९१० पासून प्रसिद्ध होऊ लागला; तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने मराठीत लिहिलेला आहे, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भातखंडे यांच्या मांडणीचा सारांश असा. दिवस व रात्र मिळून आठ प्रहर, प्रत्येक प्रहर तीन तासांचा. सूर्योदय व सूर्यास्त या दोन संधींच्या वेळी जे राग गायले जातात, ते संधिप्रकाश राग. त्यांत सामान्यतः ऋषभ कोमल आणि गांधार व निषाद शुद्ध असतात. त्यानंतर ऋषभ, धैवत व गांधार शुद्ध असलेल्या रागांचा वर्ग येतो, आणि त्यामागून गांधार व निषाद कोमल असलेल्या रागांचा. हे तीन वर्ग याच क्रमाने एकदा दिवसा व एकदा रात्री येतात. मग दिवसाचा वर्ग कोणता व रात्रीचा कोणता, हे कसे ओळखावयाचे? त्यासाठी दोन खुणा सांगितल्या आहेत. पहिली खूण मध्यमाची. सकाळच्या संधिप्रकाशात शुद्ध मध्यमाचे प्राबल्य असते, सायंकाळच्या संधिप्रकाशात तीव्र मध्यमाचे. म्हणून मध्यमाला ‘अध्वदर्शक’, म्हणजे वाट दाखवणारा, स्वर म्हटले आहे. दुसरी खूण वादी स्वराची. वादी, म्हणजे रागातील प्रमुख स्वर, सप्तकाच्या पूर्वांगात असेल तर तो राग सामान्यतः दुपारी बारा ते रात्री बारा या काळातला. उत्तरांगात असेल तर रात्री बारा ते दुपारी बारा या काळातला.

भाषाभ्यासकाला ही मांडणी परिचित वाटावी. थोड्या भेदक लक्षणांच्या साहाय्याने मोठ्या संख्येच्या घटकांची वाटणी करणे आणि त्या वाटणीला उपयोगाचा संदर्भ जोडणे, हे व्याकरणाचेच काम आहे. व्याकरणाप्रमाणेच या नियमांनाही अपवाद आहेत आणि भातखंडे यांनीही ते नोंदविले आहेत. मल्हाराचे प्रकार पावसाळ्यात आणि बसंत, बहार हे वसंतात कोणत्याही वेळी गाण्याची मुभा आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत आषाढातील सभेच्या श्रोत्याला मल्हाराची अपेक्षा असते, ती या मुभेमुळेच. तिथे पत्रकावरील महिन्याचे नाव हेच रागाची सूचना ठरते.

४. भूप आणि देशकार

आता महिन्याच्या पत्रकाकडे पुन्हा पाहता येईल. समजा, एका सभागृहात महिन्यातून चार सभा आहेत आणि चारही शनिवारी सायंकाळी साडेसहाला सुरू होऊन साडेनऊला संपतात. आठ प्रहरांपैकी या चार सभा मिळून केवळ एका प्रहराचा बहुतेक भाग आणि दुसऱ्याचा प्रारंभ एवढाच काळ व्यापतात. नियमनिष्ठ गायक येथे पूरिया, मारवा, श्री, यमन, भूप, हमीर, केदार यांतून निवड करील. उशीर झाल्यास बागेश्रीकडे जाईल. गायक चार, घराणी चार, तरी रागांचे क्षेत्र एकच. उलट ललित, भैरव, तोडी, देशकार, सारंग, भीमपलासी, मुलतानी हे दिवसाचे राग आणि मालकंस, दरबारी, सोहनी हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग त्या महिन्यात ऐकू येण्याचा संभव फारच थोडा. वादीच्या नियमाने पाहिले तर उत्तरांगप्रधान रागांचा सबंध वर्गच पत्रकाबाहेर राहतो.

काही राग ऐकावयाचे राहिले, एवढीच ही हानी असती तर तिची फार चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु ऐकलेले रागही या कारणाने अपुरे कळतात. भूप आणि देशकार हे दोन राग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. दोहोंत षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम व धैवत हे पाचच स्वर, आणि तेही शुद्ध. कागदावर स्वर लिहून दाखविले तर दोहोंत फरक दिसत नाही. फरक असा की भूपाचा वादी गांधार, देशकाराचा धैवत. भूप पूर्वांगात नांदतो, देशकार उत्तरांगात. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. पूरिया, मारवा व सोहनी या त्रयीचेही तसेच आहे. तिघांत पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. पूरिया व मारवा सायंकाळचे, सोहनी उत्तररात्रीची आणि तारसप्तकाकडे ओढ घेणारी.

मराठी लिपीत ‘जग’ ही दोन अक्षरे लिहिली असता ‘विश्व’ असा अर्थ होतो आणि ‘जिवंत राहा’ अशी आज्ञाही होते. लेखन एकच, उच्चारातील जकार मात्र भिन्न, पहिला तालव्य आणि दुसरा दंततालव्य. ज्याने दोन्ही उच्चार ऐकले आहेत, त्यालाच या दोन जकारांतील भेद अर्थ पालटणारा आहे हे कळते. ज्याने जन्मभर एकच ऐकला, त्याला आपण ऐकतो तो ‘भेदाचा एक पक्ष’ आहे, याची जाणीवच होऊ शकत नाही. भाषाविज्ञानात स्वनिमाची कल्पना या तत्त्वावरच उभी आहे. घटकाचे मूल्य तो ज्यांहून भिन्न आहे, त्यांच्यामुळे ठरते.

हेच तत्त्व रागांना लागू पडते. गायक भूप गाताना धैवतावर किती थांबावे, हे सांभाळतो ते देशकाराची छाया येऊ नये म्हणून. तो जे टाळतो, ते श्रोत्याला ठाऊक असेल तरच त्या टाळण्यातील कौशल्य श्रोत्याला कळते. वर्षानुवर्षे केवळ सायंकाळच्या सभा ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने शंभर वेळा भूप ऐकला आणि देशकार एकदाही ऐकला नाही, तर त्याचे भूपाचे ज्ञानही एकांगी राहते. पत्रकातील ‘सायंकाळी साडेसहा’ या दोन शब्दांचा परिणाम असा दूरवर पोचतो.

५. सूर्य, घड्याळ आणि दहाची मर्यादा

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. रागाचा प्रहर सूर्यावर ठरतो, पत्रकाची वेळ घड्याळावर. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे आणि रत्नागिरी सुमारे ७३.३ अंशांवर आहे. म्हणजे येथील सूर्य घड्याळाच्या सुमारे ३७ मिनिटे मागे चालतो. शिवाय ऋतुमानाप्रमाणे येथील सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास होतो, तर जूनअखेर सव्वासातच्या सुमारास. तेव्हा ‘साडेसहा’ या एकाच शब्दाने डिसेंबरात संधिप्रकाश ओसरू लागलेला असतो आणि मे महिन्याच्या अखेरीस सूर्य अद्याप क्षितिजावर असतो. पहिल्या सभेत प्रारंभी यमन शोभेल; दुसरीत मुलतानीलाही जागा आहे. कोलकात्याला डिसेंबरात सूर्य पाचच्या आसपासच मावळतो, म्हणून तेच साडेसहा तेथे आणखी निराळे. पत्रक लिहिणारा शब्द तोच लिहितो. त्याचा संगीतातील अर्थ गावागणिक आणि महिन्यागणिक पालटतो.

ही घड्याळाची वेळ संगीतात आली ती सार्वजनिक सभागृहाबरोबर. दरबारात किंवा धनिकाच्या दिवाणखान्यात बैठक रंगेल तशी लांबत असे. पुढे पुण्याचा गायन समाज (१८७४), कोल्हापूरचा देवल क्लब (१८८३) यांसारख्या संस्था निघाल्या. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीताला शाळेची शिस्त आणि तिकिटाच्या जलशाची प्रतिष्ठा दिली. गाणे सर्वांना खुले झाले, ही फार मोठी गोष्ट घडली. त्याबरोबर कचेरीतून सुटणाऱ्या आणि शेवटच्या गाडीने परतणाऱ्या श्रोत्याची सोय पाहणे क्रमप्राप्त झाले आणि सायंकाळ ही सभेची नैसर्गिक वेळ मानली जाऊ लागली.

त्यात कायद्याची भर पडली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाच्या वापरावर बंदी घातली. पुढील दुरुस्तीने वर्षातील मोजक्या दिवशी, अधिकाधिक पंधरा दिवस, मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ मधील निर्णयांनंतर या नियमांची अंमलबजावणी कडक झाली. १९५३ पासून पुण्यात भरत आलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र रात्र चालत असे. त्यालाही आपली सत्रे दुपारकडे सरकवून बहुतेक दिवशी दहाला आवरती घ्यावी लागली. नियम लोकांच्या आरोग्यासाठी आहेत आणि त्यांचे प्रयोजन वादातीत आहे. परंतु उघड्या मांडवातील दरबारी आणि मालकंस त्यांमुळे दुर्मिळ झाले, आणि दुपारी सुरू होणाऱ्या सत्रांमुळे भीमपलासी व मुलतानी यांना अनपेक्षितपणे जागा मिळाली, हे दोन्ही परिणाम नोंदले पाहिजेत.

या नियमांत एक तरतूद अशी आहे की, सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत वापरल्या जाणाऱ्या ध्वनिक्षेपकाला रात्रीची ही बंदी लागू नाही. थिबा राजवाड्याच्या प्रांगणातील महोत्सवाला जी मर्यादा पाळावी लागते, ती चार भिंतींच्या सभागृहाला त्याच स्वरूपात लागू नाही. तेथे आड येते ती बहुधा सवय.

सवयीचे सामर्थ्य किती, हे भैरवीवरून दिसते. भैरवी हा मूळचा सकाळचा राग. तरी सभा केव्हाही संपो, शेवट भैरवीनेच करण्याचा प्रघात आहे. रात्रभर चालणाऱ्या बैठका पहाटे संपत आणि तेव्हा भैरवी तिच्या वेळी येत असे, असे या प्रघाताचे उपपादन सामान्यतः केले जाते. बैठक आखडून साडेनऊला संपू लागली, तरी शेवटची भैरवी टिकून राहिली. भाषेत प्रत्यय आपले मूळ कार्य संपल्यानंतरही एखाद्या शब्दात गोठून राहतो, तशीच ही स्थिती आहे. आजच्या सायंकाळच्या सभेतील भैरवी म्हणजे न झालेल्या रात्रीची खूण होय.

६. दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, समयसिद्धान्ताला ध्वनिशास्त्राचा आधार नाही. कर्नाटक पद्धतीत राग व वेळ यांचे बंधन हिंदुस्थानी पद्धतीइतके कसोशीने पाळले जात नाही, आणि तेथील संगीताचे त्यावाचून काही अडत नाही. हे मान्य करूनही निष्कर्ष बदलत नाही. शब्द व अर्थ यांचा संबंधही निसर्गसिद्ध नसतो. तो समाजाने मान्य केलेला असतो आणि म्हणूनच प्रभावी असतो. सायंकाळी देशकार गाण्यास कोणताही कायदा आड येत नाही. तरीही गायक तो गात नाही, एवढे येथे पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप असा की, ध्वनिमुद्रणाच्या काळात कोणताही राग कोणत्याही वेळी ऐकता येतो. आकाशवाणीची सकाळची संगीतसभाही घरबसल्या ऐकता येते. हे खरे आहे, आणि सकाळच्या रागांचे ज्ञान टिकविण्यात या साधनांचा वाटा मोठा आहे. परंतु बैठकीला ज्या शब्दांनी मराठीने ओळखले, त्यांचा अर्थ जमणे व बसणे असा आहे. श्रोत्यांची दाद ऐकून गायकाने पुन्हा त्याच स्वराकडे वळणे, तबलजीने उचललेला धागा गायकाने पुढे नेणे, हे सर्व समोरासमोर घडते. मुद्रित तोडी ऐकणारा श्रोता तोडीचा परिणाम ऐकतो. तोडी घडताना पाहण्यासाठी सकाळी नऊ वाजता कोठेतरी सभा असावी लागते.

७. पत्रकानंतरचे पत्रक

यातून दोन व्यवहार्य गोष्टी निष्पन्न होतात. पहिली वेळेसंबंधी. महिन्याच्या चार सभांपैकी एक रविवारी सकाळी, एक दुपारी तीनला आणि बंदिस्त सभागृह असेल तेथे एक रात्री नऊनंतर ठेवली, तर खर्चात फारसा फरक न पडता वर्षभरात रागव्यवस्थेचे दोन्ही अर्ध श्रोत्यांपुढे येतील. सकाळी श्रोते येत नाहीत, ही भीती निराधार आहे; दिवाळीच्या पहाटे अंधार सरण्याआधी महाराष्ट्रातील सभागृहे भरतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. जी गोष्ट वर्षातून एकदा घडते, ती महिन्यातून एकदा घडणे अशक्य मानण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. सभेआधीचे पत्रक रागाविषयी मौन पाळते, ते योग्यच आहे. परंतु सभेनंतरही ते मौन तसेच राहते, हे मात्र योग्य नाही. दप्तरात जी जुनी पत्रके उरतात, त्यांवरून कोण गायले हे कळते, काय गायले हे कळत नाही. वर्तमानपत्रांतील वृत्तान्तही कित्येकदा ‘मैफल रंगली’ या वाक्यावर थांबतात. संगीताच्या किंवा भाषेच्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने प्रत्येक सभेनंतर एका वहीत प्रारंभाची वेळ, राग, ताल, लय आणि चिजेचा मुखडा एवढे पाच रकाने भरून ठेवले, तर दहा वर्षांत त्या गावाच्या श्रवणाचा इतिहास तयार होईल. कोणते राग ऐकले गेले, कोणते एकदाही गायले गेले नाहीत, सायंकाळच्या सभांनी काय गाळले, या प्रश्नांना मग अंदाजाने उत्तर द्यावे लागणार नाही. चिजांची भाषा अभ्यासणाऱ्याला व्रज, पंजाबी, मराठी आदी बोलींचे रूप गायकाच्या मुखी कसे पालटते, याचीही सामग्री त्याच वहीत मिळेल.

पत्रकाने राग सांगू नये. वेळ मात्र विचारपूर्वक सांगावी. आणि पत्रकाने जे सांगितले नाही, ते सभा उठल्यावर कोणीतरी लिहून ठेवावे. दुसऱ्या शनिवारच्या सभेहून परतणाऱ्या विद्यार्थ्याला या दुसऱ्या कामासाठी वही आणि पाच मिनिटे यांखेरीज कशाचीही गरज नाही.